खापराची मोड होत नाही

चांदीच्या वस्तूकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सराफाची. ती तराजूपासून सुरू होते आणि भावाच्या फळ्यापाशी संपते. वजन किती, कस किती, घट किती आणि हाती काय येणार, एवढेच तिला विचारायचे असते. फुटके तबक, पोचा आलेला पेला, आजीचे तोडे या सगळ्यांना या रीतीत एकच नाव आहे, ते म्हणजे 'मोड'. दुसरी रीत वाचणाऱ्याची. ती वस्तू उलटी करते, उजेडात धरते, तिच्यावर तोंडाची वाफ सोडते, आणि कोणी घडवली, केव्हा घडवली, कोणी वापरली, कोणी बिघडवली, हे वाचू पाहते. पहिल्या रीतीत झीज म्हणजे तूट. दुसरीत झीज हाच मजकूर.

या दोन रीतींमधला झगडा आम्ही धाराशिवात एका घरी जवळून पाहिला. आमचे एक स्नेही तेथे महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले. भावाभावांच्या वाटण्या होत होत्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून एक लाकडी पेटी खाली आली. पेटीत चहाचे सहा चमचे होते आणि बाजूला फडक्यात गुंडाळलेली चहाची किटली. 'साहेबाची चांदी' या नावाने ती घरात तीन पिढ्या ओळखली जात होती. स्नेह्यांच्या मातुःश्रींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, वाटणीचा प्रश्न एका वाक्यात सोडवला होता. कोणालाच नको, सगळे आटवून तुळजापूरच्या देवीला पादुका करायच्या. स्नेह्यांनी आम्हांला बोलावले ते त्याआधी एकदा पाहून घ्यावे म्हणून. इंग्रजी कादंबरी शिकवता शिकवता तिच्यातल्या चहाच्या टेबलावरची भांडीही समजून घ्यावीत या हौसेपायी आम्ही इंग्रजी चांदीवरचे ठसे वाचायला शिकलो होतो, हे त्यांना ठाऊक होते.

पेटीबरोबर एक आख्यायिकाही होती. हे चमचे म्हणे नळदुर्गच्या टेलरसाहेबाचे. मराठीच्या आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हा साहेब परका नाही. फिलिप मेडोज टेलर, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या 1839 च्या कादंबरीचा लेखक, आयुष्यभर निजामाच्या आणि पुढे कंपनीच्या चाकरीत दख्खनमध्ये राहिला. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही कंपनीच्या कारभारात दिला, तेव्हा या मुलुखाचा अधिकारी म्हणून टेलर आला. 1857 च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली झाली आणि 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. त्याची 'तारा' ही 1863 ची कादंबरी तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर घडते. तेव्हा आमच्या जिल्ह्यात कोणाच्या घरी एखादी जुनी विलायती वस्तू निघाली, तर तिचा धागा टेलरसाहेबापर्यंत नेण्याचा मोह व्हावा यात नवल नाही. स्नेह्यांचे वडील पाहुण्यांना हे चमचे दाखवत आणि नळदुर्गची हकिकत सांगत. स्नेह्यांनाही ती खरी ठरावी असे मनातून वाटत होते. काकूंपुढे ठेवायला त्यांच्याजवळ तेवढा एकच मुद्दा होता.

चमच्याच्या दांड्यामागे चार ठसे होते. इंग्रजी चांदीची ही लिपी जगातल्या सर्वांत शिस्तशीर लिपींपैकी एक म्हणावी लागेल. चालता सिंह म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. 1544 पासून हा सिंह लंडनच्या चांदीवर चालतो आहे. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडनची कसोटी-कचेरी. 1821 पर्यंत त्या तोंडावर मुकुट असे, नंतर तो गेला. बर्मिंगहॅमचा नांगर, एडिंबरोचा किल्ला अशी इतर शहरांची चिन्हे वेगळी. तिसरा ठसा कारागिराच्या आद्याक्षरांचा. चौथा ठसा वर्षाचे अक्षर. ही अक्षरे 1478 मध्ये सुरू झाली ती पुढच्या इतिहासकारांची सोय पाहून नव्हे. हिणकस माल पास झाला तर त्या वर्षी कसोटीवर कोण बसले होते हे कळावे आणि त्याला जाब विचारता यावा, एवढाच हेतू होता. जबाबदारीसाठी केलेली नोंद पुढे इतिहासाच्या कामी आली.

चमच्यांवरचे अक्षर रोमन लिपीतले मोठे 'आर' होते. लंडनच्या कचेरीने मोठ्या रोमन अक्षरांची ही माळ 1876 मध्ये 'ए' पासून सुरू केली, आणि 'जे' वगळून मोजत गेले की 'आर' येते 1892 ला. दुसरा पुरावाही जवळच होता. 1784 पासून 1890 पर्यंत इंग्रजी चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटवले जाई. या चमच्यांवर व्हिक्टोरिया राणी नव्हती, म्हणजे ते कर उठल्यानंतरचेच. टेलर तर 1876 मध्येच वारला, 'ए' अक्षर सुरू झाले त्याच वर्षी. आपल्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी घडलेल्या चमच्याने त्याने नळदुर्गच्या किल्ल्यात चहा ढवळणे शक्य नव्हते.

स्नेह्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनीच आजोबांच्या रोजकीर्दी बाहेर काढल्या. आजोबा निजामाच्या अमलात वकील होते. कचेरीत उर्दू आणि घरी मोडी. 1930 नंतरच्या एका वर्षातली नोंद सापडली ती अगदी कोरडी होती: सोलापुरी लिलावात चमचे सहा, किटली एक, कलदार बावीस. कलदार हा शब्द महत्त्वाचा, कारण घरचा व्यवहार हाली सिक्क्यात होई आणि सोलापूर इंग्रजी मुलुखात. विलायतेला परत निघालेल्या साहेबांच्या सामानाचे लिलाव ही तेव्हाची नित्याची गोष्ट होती. असाच कोणीतरी, नाव नसलेला साहेब. त्या बावीस रुपयांत बहुधा किटलीचा वाटा मोठा असणार, कारण घरात सगळ्यांत मानाची वस्तू तीच होती.

आणि किटली चांदीची नव्हती. तिच्या बुडाशी चार ढालींत चार अक्षरे होती, 'ई', 'पी', 'एन', 'एस', म्हणजे निकेल-सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल-सिल्व्हर म्हणजेच आपल्या बाजारातले जर्मन सिल्व्हर. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदीचा कणही नसतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने 1840 मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीचे रूप स्वस्त झाले. ही अक्षरे ढालींत बसवण्यामागे लांबून ती खऱ्या ठशांसारखी दिसावीत एवढाच हेतू. किटलीच्या चोचीवर आणि मुठीजवळ मुलामा उडून खालचा पिवळसर करडा धातू दिसत होता. त्याहून जुन्या शेफिल्ड पत्र्याचा मुलामा उडाला तर खालून तांबूस रंग डोकावतो. तांबे की करडे, एवढ्या एका छटेवरून जाणकार पन्नास-शंभर वर्षांचा फरक सांगतात.

इथवर ओळख झाली. आता प्रकृती. जुन्या चांदीच्या पारखीत खरे कौशल्य इथे लागते. चमचा उजेडासमोर धरावा. वाटीत बारीक चीर किंवा सुईच्या टोकाएवढे छिद्र असेल तर उजेड आरपार येतो. दांडा आणि वाटी जिथे मिळतात तिथे तोंडाची वाफ सोडावी. झाळलेला भाग वाफेखाली वेगळ्या रंगाने उठून दिसतो, आणि शिशाने झाळले असेल तर जाणकार वस्तू खाली ठेवतो. हीच वाफ खोडलेली अक्षरेही दाखवते. जुन्या मालकाचे कुलचिन्ह किंवा आद्याक्षरे घासून काढून नवा मालक आपली घालतो. तेथे पत्रा पातळ होतो आणि अंगठ्याने दाबला तर किंचित लवतो. आमच्या सहाही चमच्यांच्या दांड्यांवर अशी पातळ जागा होती. कोणाची तरी अक्षरे तेथून गेली होती आणि नवी कोणी घातली नव्हती. ज्या जिल्ह्याचे नाव धाराशिवचे उस्मानाबाद आणि 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झाले, त्या जिल्ह्यात खोडलेल्या अक्षरांची ही पातळ जागा बोटाखाली येताना आम्ही क्षणभर थबकलो.

मग झळाळीचा प्रश्न. आपल्याकडे चांदी उजळायची ती रांगोळीने, राखेने, दंतमंजनाने. साहेबाच्या घरचे नोकरही काही मवाळ नव्हते. प्रत्येक उजळणीत चांदीचा एक सूक्ष्म थर निघून जातो. आधी नक्षीच्या कडा बोथट होतात, मग ठसे, शेवटी सिंह म्हणजे नुसता एक फुगवटा उरतो. यंत्राच्या चाकावर घासलेली चांदी आरशासारखी चमकते. जाणकार तिला नाकारतो, कारण शंभर वर्षांच्या वापराने पडलेल्या हजारो बारीक रेघांनी जो मऊ, खोल उजाळा येतो तो चाकाने एका मिनिटात जातो आणि परत आणता येत नाही. जुन्या पोथीची भाषा आजच्या शुद्धलेखनात 'सुधारून' छापणारा संपादक नेमके हेच करतो, हे मराठीच्या अध्यापकांना निराळे सांगायला नको.

सहापैकी पाच चमचे उत्तम प्रकृतीचे होते. ठसे स्वच्छ, कडा टणक. सहावा मात्र वेगळा. त्याच्या वाटीचे टोक एका बाजूने, खाणाऱ्याच्या डाव्या हाताकडच्या बाजूने, झिजून तिरपे झाले होते. उजव्या हाताने भांड्याचा तळ खरवडणाऱ्या चमच्याची झीज नेहमी याच बाजूला होते. आणि वाटीच्या कडेला आत-बाहेर बारीक खळगे होते, ओळीने, जोडीजोडीने. संग्राहकाच्या भाषेत हा चमचा संचाची किंमत पाडणारा. आम्ही काकूंना विचारले तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन पाहिलाही नाही. घरातल्या प्रत्येक लेकराचे उष्टावण या एका चमच्याने झाले होते, आणि पुढे वर्षभर खीर, पेज आणि औषधही त्यानेच. खळगे दुधाच्या दातांचे होते. स्नेह्यांचे, त्यांच्या भावांचे, त्यांच्या मुलांचे. सोलापूरच्या अनामिक साहेबाच्या बशीत हा चमचा इतर पाचांसारखाच होता. तो वेगळा झाला धाराशिवात.

येथे किमतीचे बोलले पाहिजे, नाहीतर ही सगळी हळहळ फुकाची ठरेल. सहा चमचे मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर भरले. 2025 मध्ये चांदीचा भाव किलोमागे दीड लाखाच्या वर गेला, तेव्हा मोडीत त्यांचे पंधरा-सोळा हजार सहज येत होते. संग्राहकाने किती दिले असते? फार तर थोडे अधिक. व्हिक्टोरियाकालीन साधे चमचे इंग्लंडच्या लिलावांत आजही ढिगाने निघतात आणि धातूच्या किमतीच्या आसपासच जातात. म्हणजे बाजार या चमच्यांना वाचवणार नव्हता. 'विलायतेत याचे लाखो मिळतील' असे म्हणून काकूंना थांबवणे खोटे ठरले असते.

आणि इंग्रज तेवढा वाचणारा, आपण तेवढे तोलणारे, ही वाटणीही खरी नाही. इंग्लंडमध्येही चांदीची भांडी ही शतकानुशतके घरातली पेढीच होती. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी ताटे-पेले आटवून सैन्याचे पगार भागवले. उलट लोक नाणी कातरून, आटवून त्यांची भांडी करू लागले, तेव्हा 1697 मध्ये भांड्यांच्या चांदीचा कस नाण्यांहून वाढवून ठेवावा लागला आणि तो 1720 पर्यंत सक्तीचा राहिला. 1980 च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोहोचली, तेव्हा जुन्या भांड्यांचे ढीग भट्टीत गेले. भाव चढला की वाचणारा कोठेही हरतो.

ही हार किती जुनी आहे हे समजण्यासाठी धाराशिवहून फार लांब जावे लागत नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, आपल्याच जिल्ह्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवास-व्यापारवृत्तात पैठणबरोबर तगराचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर, जेथून माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि राजासाठी म्हणून ज्या खास वस्तू येत त्यांत चांदीची मौल्यवान भांडी आहेत. म्हणजे पश्चिमेकडची चांदीची भांडी आपल्याकडे येण्याला साहेबाच्या लिलावापूर्वी अठराशे-एकोणीसशे वर्षांचा इतिहास आहे. ती भांडी कोठे गेली? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत, खापरे आहेत. भडोचच्या राजाची चांदी जिथे असेल तिथे निराळ्या रूपात असेल. खापरे उरली याचे कारण फार साधे आहे. खापराची मोड होत नाही. जे आटवून पैसा होत नाही तेच भूतकाळाने आमच्यासाठी ठेवले, आणि त्यावरून आम्ही भूतकाळाची श्रीमंती अदमासत बसतो.

क्वचित याला अपवाद घडतो. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याची चांदी आटवली नाही, तिच्यावर आपले नाव घातले. घाई असेल, काटकसर असेल. पण त्यामुळे आज एकाच नाण्यावर दोघेही वाचता येतात, आणि कोणी कोणाला हरवले हे त्या चांदीनेच सांगितले.

तुळजापूरचा प्रश्न याच जातीचा आहे. भवानीला भाविकांनी वाहिलेल्या सोन्या-चांदीच्या दागिन्यांची 2023 मध्ये मोजदाद झाली, आणि ते वितळवावेत की नाही हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वर्तमानपत्रांतून आमच्यापर्यंत पोहोचले ते किलोंचे आकडे. त्या किलोंमध्ये किती घराण्यांची घडणावळ, किती सोनारांचे हात, किती नवस होते हे आकडा सांगत नाही. वितळवू नये असे म्हणण्याचा अधिकार वाहणाऱ्यांना असेल, आम्हांला नाही. मात्र एक मागणी अभ्यासक म्हणून करता येते. आटवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे वर्णन लिहिले जावे. तिचे वजन, घडण, ठसे, झीज आणि झाळ यांची नोंद व्हावी.

काकूंशी आम्ही वाद घातला, नाही असे नाही. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "तू मास्तर, तुला अक्षरंच दिसणार. लेकरं जेवली ह्या चमच्यानं. आता देवीच्या पायाला लागू दे की." या बोलण्यापुढे आमचा युक्तिवाद लंगडा पडला, कारण त्यांनी तो चमचा आमच्याहून अधिक वाचला होता. त्यांच्या दृष्टीने वस्तू येते-जाते, चांदी राहते. तिच्या पाटल्या होतात, पाटल्यांची वाटी होते, वाटीच्या पादुका, आणि प्रत्येक रूपात आधीच्या रूपाचे पुण्य उतरते. आम्ही रूप जपू पाहत होतो, त्या धातू जपत होत्या. यातले कोणते जपणे खोटे, हे आजही आम्हांला सांगता येत नाही.

मग जेवढे आमच्या हाती होते तेवढे केले. प्रत्येक चमच्याचे एकेक पान, अशी सहा पाने मराठीत लिहिली. लांबी, वजन, ठशांचा क्रम, पातळ जागा, चिरा. सहाव्याच्या पानावर झिजलेल्या टोकाचे माप आणि खळग्यांची संख्या. स्नेह्यांनी ती पाने काकूंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी सहावे पान दुसऱ्यांदा वाचायला लावले आणि खळगे मोजण्यात आमची एक जोडी राहिली असे निदर्शनास आणले. ती जोडी आम्ही घातली.

नवरात्रापूर्वी चमचे सोनाराकडे गेले. सहाही. पादुका लहानशा पण सुबक झाल्या, आणि आता त्या तुळजापुरात आहेत. सहा पाने स्नेह्यांच्या कपाटात, आजोबांच्या रोजकीर्दीच्या शेजारी आहेत. किटली मात्र सोनाराने हातही न लावता परत केली. तिची मोड होत नाही. ती स्नेह्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी आहे आणि तिचा मुलामा आणखी थोडा उडाला आहे. घरी येणाऱ्या नव्या पाहुण्याला ती साहेबाची म्हणूनच दाखवली जाते. कोणत्या साहेबाची, हे स्नेही आता सांगत नाहीत.